चौकट आठमधला बाण

४ मार्च

चि. ठिपके,

आशीर्वाद वगैरे शेवटी देईन, आधी काम ऐक. मला घाईघाईने एक सिनेमा काढायचा आहे.

हसून झालं? मग पुढे वाच. आमच्या पोहण्याच्या तलावावर सकाळी सात ते आठ ‘ज्येष्ठ महिलांचा पाण्यातला व्यायाम’ असतो, हे तुला ठाऊकच आहे. निवृत्त झाल्यापासून मी एक दिवस चुकवलेला नाही. नऊ जणी आहोत. तीस वर्षं मी दुकानोदुकानी वजनकाटे तपासत फिरले, पण स्वतःचं वजन कमी वाटण्याचं सुख मला पहिल्यांदा त्या पाण्यात मिळालं. आणि आता आमचा तास एका शर्यतीच्या क्लबला हवा आहे! पदकंबिदकं मिळवलेली दणकट मंडळी. तलावाच्या समितीने तोडगा काढला आहे की दोन्ही गटांनी तीन मिनिटांचा व्हिडिओ करून दहा एप्रिलपर्यंत द्यावा. ‘हा तास आम्हालाच का हवा’ हे त्यात दाखवायचं. बारा तारखेला बैठक, तिथेच निकाल.

आमच्या कोचबाईंनी विचारलं, “कुणाच्या ओळखीत या धंद्यातलं कुणी आहे का?” माझा हात इतका जोरात वर गेला की शेजारणीच्या डोळ्यात पाणी उडालं. म्हटलं, माझी भाची स्टुडिओत स्टोरीबोर्ड काढते. कोणता प्रसंग कसा टिपायचा, माणूस कुठे, कॅमेरा कुठे, सगळं आधी चौकटीचौकटींत चितारते. तिच्या चित्रांवरून मोठमोठ्या जाहिराती निघतात.

तेव्हा ठिपके, आता माझी अब्रू तुझ्या पेन्सिलीच्या टोकावर. चित्रं फोनवर पाठवू नकोस. बोटांनी ताणून ताणून बघायची म्हणजे कुणाचं नाक दिसतं, कुणाचा गुडघा. कागदावर काढ, टपालाने धाड. कपडे बदलायच्या खोलीत भिंतीला लावू.

कॅमेरा हेडबाईंचे यजमान धरणार आहेत. (हेडबाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. निवृत्त शाळेतून झाल्या आहेत, हेडबाईपणातून नाही.) यजमानांना कमी ऐकू येतं, पण हात स्थिर आहे.

तुझी,
मावशी

ता. क. आशीर्वाद.


९ मार्च

ती. मावशीस,

वाकून नमस्कार. तुझं पत्र मी जिन्यात उभ्याउभ्याच वाचलं आणि वरच्या मजल्यावरचे आजोबा “काय, लॉटरी लागली का?” असं विचारून गेले, इतकी मी हसत होते.

सोबत बारा चौकटी आहेत. सांभाळून उघड, कडा फाटतील. वाचायची रीत सोपी. पहिलीत रिकामा तलाव. दुसरीत पायऱ्यांवर एकच पाऊल. तिसरीत नऊ टोप्या. असं करत सातव्या चौकटीत तुम्ही नऊजणी हात धरून पाण्यात गोल करता. हाच चित्राचा प्राण. तू फोनवर सांगितलेल्या उंचीप्रमाणे मी जागा ठरवल्या आहेत, म्हणजे गोल वरून नीट दिसेल. आठव्या चौकटीत गोल तसाच, आणि चौकटीखाली उजवीकडे बाण. मग नववीपासून एकेकीचा चेहरा.

बाकी इकडे मजेत. स्टुडिओत साबणाच्या मोठ्या जाहिरातीचं काम चालू आहे. दिग्दर्शक पाचपाच मिनिटांनी मलाच विचारतात, हे कसं करू, ते कसं करू. श्वास घ्यायला सवड नाही. पण तुझ्यासाठी काढली.

तुझी,
ठिपका


१३ मार्च

चि. ठिपके,

तुझी चित्रं भिंतीवर लागली आणि खोलीचा नूर पालटला! दातांच्या डॉक्टरीणबाई रोज येऊन आपल्या चित्राशेजारी उभ्या राहतात आणि “हनुवटी जरा जास्त झालीय” म्हणतात. शिंपीणबाईंनी नऊ सारख्या टोप्या शिवायला घेतल्या आहेत, नारिंगी. काल आम्ही कोरड्या जमिनीवर तालीम केली. टॉवेल गुंडाळून नऊ बायका हात धरून गोल फिरताहेत आणि दारातून सफाईवाल्या बाई बघताहेत. त्यांनी झाडू खाली ठेवला आणि टाळ्या वाजवल्या.

पण एक घोटाळा झालाय. तुझा दोष नाही, तुला माहीतच नव्हतं. आमच्यात दोघी सख्ख्या जावा आहेत, एक मोठी, एक धाकटी. अकरा वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांचं शिवणयंत्र कुणाकडे राहायचं यावरून बिनसलं. ते धाकटीकडे राहिलं. तेव्हापासून एक तलावाच्या या टोकाला पाय मारते, दुसरी त्या टोकाला. आणि तू नेमकं उंचीप्रमाणे त्यांना सातव्या चौकटीत शेजारीशेजारी उभं केलंस. हातात हात!

तालमीत मोठीने हात पाठीमागे घेतला. धाकटी म्हणाली, भिंतीकडे बघून, “चित्रातल्या बाईला सांगा, मला जमणार नाही.” मोठीसुद्धा भिंतीलाच म्हणाली, “आम्हालाही हौस नाही.” शेवटी दोघींच्या मध्ये फोमची एक लांब नळी दिली. एक टोक हिच्या हातात, दुसरं तिच्या. गोलाला कुबड आल्यासारखं दिसतं.

जागा बदलू का? लगेच कळव.

मावशी


१७ मार्च

ती. मावशीस,

सा. न.

चौकट सात बदलता येणार नाही. एक जागा हलवली की पुढच्या पाच चौकटी कोलमडतात. मोठ्या दिग्दर्शकांच्या सेटवरही असं चालत नाही. नट रुसला म्हणून कुणी चित्र फाडत नाही. त्यांना सांग, तीन मिनिटांपुरता हात धरायचा आहे, घर एकत्र करायचं नाही.

नळी मात्र कृपा करून काढ. मी डोळे मिटले तरी मला ती दिसते.

शूटिंग कधी? त्या दिवशी मी साबणाच्या जाहिरातीत अडकलेली असेन, नाहीतर आले असते.

ठिपका


२४ मार्च

ठिपके ग ठिपके,

शूटिंग झालं. मी अजून हसतेय. अक्षर वेडंवाकडं आलं तर समजून घे, बरगड्या दुखताहेत.

क्रमाने सांगते. रविवारी सकाळी सात. नारिंगी टोप्या घालून आम्ही नऊजणी पाण्यात उतरलो. यजमान काठावर फोन घेऊन उभे. पहिल्या सहा चौकटी अशा झाल्या की तू असतीस तर दृष्ट काढली असतीस. सातवी आली. जावांच्या मध्ये नळी होतीच. काढली असती तर दोघी घरी गेल्या असत्या, म्हणून तुझं ऐकलं नाही. रागावू नकोस, पुढचं ऐक.

हेडबाईंनी काठावर टेकवलेला कागद उचलून घोषणा केली, “चौकट आठ! उजवीकडे!” बाण उजवीकडेच होता ना? आम्ही सगळ्याजणी गोल न मोडता उजवीकडे निघालो. आता आमच्या तलावाची उजवी बाजू म्हणजे खोल बाजू. एक मीटरची खूण गेली. सव्वाची गेली. हेडबाई आपल्या “आणखी उजवीकडे, कागदात बाण लांब आहे!” आणि दीड मीटरच्या खुणेच्या अलीकडे मोठ्या जावेचे पाय जमिनीवरून सुटले. ती तळ लागतो तोवर वाघीण. तळ गेला की संपलं.

तिने नळी सोडली आणि जे हाताला लागलं ते धरलं. हाताला लागली धाकटीची टोपी.

टोपी निघाली! धाकटी किंचाळली. आणि मग, ठिपके, अकरा वर्षांनी पहिला शब्द. “जाऊबाई, पाय मारा! पाय मारा म्हणते ना!”

मोठी ओरडली, “मारतेय की! सोडू नकोस मला!”

“मी कुठे सोडतेय, तुम्हीच माझं नाक सोडा!”

तोवर आमचा गोल म्हणजे उकळत्या भांड्यातल्या भाज्या झाला होता. कोचबाईंनी शिट्टी तोंडात असतानाच उडी मारली, त्यामुळे शिट्टी पाण्याखाली वाजली. कधी ऐकली आहेस? बदकाला उचकी लागल्यासारखा आवाज येतो. डॉक्टरीणबाई हसायला लागल्या, त्यांच्या नाकात पाणी गेलं, मग शिंपीणबाई, मग मी. जीवरक्षक दोरी बांधलेलं कडं घेऊन आला तोवर आम्ही सगळ्या कठड्याला लटकून हसत होतो. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

आणि कठड्याला धरून मोठी जाऊ म्हणाली, धापा टाकत, “ते शिवणयंत्र ठेव तू. नकोय मला.”

धाकटी म्हणाली, “मला तरी कशाला? मला कुठे शिवता येतं?”

मोठीने डोळ्यांवरचं पाणी पुसलं. मग म्हणाली, “मला तरी कुठे येतं ग!”

पुढे मी काही सांगू शकत नाही, कारण मला काही दिसत नव्हतं. डोळ्यांतलं पाणी तलावाचं किती आणि माझं किती, याचं माप मी निवृत्त निरीक्षक असूनही देऊ शकत नाही.

आता वाईट बातमी. यजमानांना आरडाओरडा थोडाफार ऐकू गेला. ते दचकले आणि त्यांचा अंगठा कॅमेऱ्यावर गेला. त्या सगळ्याचं चित्र म्हणजे चार मिनिटांचा अंगठा. गुलाबी, तब्येतीने बरा. आवाज मात्र एकूण एक आला आहे. नंतर आम्ही पुन्हा करून बघितलं. कोरडं ठणठणीत. जावा इतक्या गळ्यात गळे घालून होत्या की भांडण त्यांना आठवेना.

दहा तारीख जवळ आली. आपल्याकडे सहा चौकटींचं शूटिंग आहे आणि एक अंगठा. बाणाचा अर्थ आम्हाला कळला नाही का ग?

मावशी


२७ मार्च

मावशी,

बाण कॅमेऱ्याचा होता! कॅमेऱ्याने काठाने उजवीकडे सरकायचं, असा त्याचा अर्थ. तुम्ही होतात तिथेच राहायचं! मी लिहायला विसरले. कोणत्याही स्टोरीबोर्डमध्ये कॅमेऱ्याचा बाण चौकटीबाहेर काढायचा असतो आणि माणसाचा आत, हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात. मी तो बाहेरच काढला होता, पण तुम्हाला कोण सांगणार? मीच सांगायला हवं होतं. तुम्हा नऊजणींना मी खोल पाण्यात नेलं. पत्र वाचताना आधी मला घाम फुटला आणि मग मी जमिनीवर बसून हसले.

तू फोनवर पाठवलेला आवाज मी चौदा वेळा ऐकला. ‘तुम्हीच माझं नाक सोडा’ला दर वेळी हसू फुटतं.

आता खरं सांगते, कारण हसताना खोटं जपता येत नाही. साबणाच्या जाहिरातीत दिग्दर्शक मला काहीही विचारत नाहीत. जानेवारीत त्यांनी माझा गठ्ठा परत दिला. म्हणाले, “रेषा चोख आहे. पण तुझी माणसं श्वास घेत नाहीत.” तेव्हापासून मी दुसऱ्यांच्या चौकटींना आकडे घालते. एक, दोन, तीन. कधी कडा कापते. तुझ्या सिनेमाच्या चौकटी ही दोन महिन्यांतली माझी पहिली चित्रं होती. म्हणून सातवी बदलायला इतकी अडून बसले.

पण मावशी, तो आवाज ऐकताना माझा हात आपोआप कागदावर फिरायला लागला. आपल्याकडे आवाज आहे ना? मग चित्रं मी काढते. शूटिंगच्या सहा चौकटी झाल्या की अंगठ्याच्या जागी माझी चित्रं लावायची, एकामागून एक, खाली तुमचा खरा आवाज. स्टोरीबोर्ड हाच सिनेमा!

मला सगळं हवंय. मोठ्या जावेचा हात टोपीच्या मागच्या बाजूला होता की पुढच्या? धाकटीचे केस कसे आहेत? हेडबाई तेव्हा काय करत होत्या? तुझं तोंड कसं होतं? उलट टपाली लिही. काही गाळू नकोस.

ठिपका


३० मार्च

चि. ठिपके,

मला कळलं नव्हतं. मी सगळ्या वर्गाला सांगून बसले आहे की तुला विचारल्याशिवाय तो स्टुडिओ पंखासुद्धा लावत नाही. असू दे. मी नोकरीत पहिली चार वर्षं फक्त शिक्के मारले. दुसऱ्याने तपासलेल्या काट्यावर मी शिक्का मारायची. तुझ्या आईलाही हे माहीत नाही. घरी सांगायची की आज अमुक बाजारात धाड घातली. तेव्हा तू या घराण्याला शोभतेस.

आता तपशील. मोठीने टोपी मागून, उजव्या हाताने धरली. डाव्या हातात धाकटीचं नाक. नाक बरोबर चिमटीत, कपड्याला चिमटा लावतात तसं. धाकटीचे केस अर्धे पांढरे, मानेपर्यंत, आणि टोपी निघाली तेव्हा ते सगळे एकदम वर उभे राहिले. हेडबाई एका हाताने पाणी कापत होत्या आणि दुसऱ्या हाताने तुझा कागद कोरडा राहावा म्हणून डोक्यावर धरून होत्या. बुडेन, पण कागद भिजू देणार नाही, असा चेहरा. शिंपीणबाई तरंगत गेलेली नारिंगी टोपी पकडायला निघाल्या होत्या, मेहनतीची होती ना. डॉक्टरीणबाईंचं तोंड इतकं उघडं की सगळे दात मोजून घ्यावेत. बत्तीसही भरले असते. यजमान काठावर, चेहऱ्यावर समाधान, अंगठा जागेवर.

माझं तोंड? मला कसं दिसणार? पण कोचबाई म्हणतात, मी वजनकाट्याच्या पारड्यासारखी खालीवर होत होते आणि दर वेळी वर आल्यावर “बरोब्बर!” म्हणत होते. का म्हणत होते ते मला विचारू नकोस.

काढ. कुणाच्या हनुवटीचा विचार करू नकोस.

मावशी


५ एप्रिल

मावशी,

दोनच ओळी, बोटं आखडली आहेत. सत्तेचाळीस चित्रं काढली. पोस्टाने वेळेत पोचणार नाही म्हणून व्हिडिओ जुळवून कोचबाईंच्या फोनवर पाठवला, समितीकडे त्याच देतील. मूळ चित्रं या पाकिटात, भिंतीसाठी.

मी रेषा चोख काढायचं विसरून गेले होते. हेडबाईंचा हात चुकून फार लांब झाला. पुसला नाही.

ठिपका


१२ एप्रिल

चि. ठिपके, माझ्या सोन्या, माझ्या पेन्सिलकुमारी,

ऐक, बैठक आत्ताच संपली. मी तलावाच्या बाकावर बसूनच लिहितेय, घरी जायला धीर नाही.

समितीचे सातजण. आधी क्लबचा व्हिडिओ लागला. झगमगाट! वरून उडत घेतलेली दृश्यं, पदकं, ढोलाचा ठेका, पाण्यातून माशासारखी सुटलेली माणसं. डॉक्टरीणबाईंनी माझा हात इतका आवळला की अजून वळ आहेत.

मग आपला. तलाव, पाऊल, टोप्या. बरं चाललं होतं. आणि एकदम शूटिंग थांबून चित्रं सुरू झाली. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, “खरी फिल्म कुठे आहे?” कुणी उत्तर देणार तोवर आवाज आला, “जाऊबाई, पाय मारा!” आणि पडद्यावर धाकटीचे केस उभे राहिले.

ठिपके, आधी यजमान हसले. त्यांनी बैठकीसाठी कानाचं यंत्र घातलं होतं, आणि त्या दिवशी काय झालं हे त्यांना आज पहिल्यांदा ऐकू आलं! त्यांचं हसणं गडगडत आलं, मग समितीत एक इंजिनिअर बाई आहेत, कधी गालातही हसत नाहीत, त्यांनी टेबलावर डोकं ठेवलं. शिट्टी पाण्याखाली वाजली तेव्हा क्लबची पोरंसोरं, इतकी दणकट माणसं, एकमेकांवर पडत होती. आणि मग ‘मला तरी कुठे येतं ग’. तू तिथे फक्त दोन हात काढले आहेस, कठड्यावर, एकमेकांना लागून. आणखी काही नाही. मोठी जाऊ नाक शिंकरत होती, तेवढाच आवाज.

अध्यक्ष म्हणाले, “पुन्हा लावा.”

पुन्हा लावला. मग मत झालं. सातपैकी सहा आपल्या बाजूने. तास आपला, पुढची दोन वर्षं पक्का! क्लबला साडेपाच ते सात दिले. त्यांच्या कप्तानाने स्वतः येऊन विचारलं, “माझ्या आईला घ्याल का?” हेडबाई म्हणाल्या, “प्रवेश परीक्षा होईल.” थट्टा होती की खरं, ते मलाही कळलं नाही.

आणि इंजिनिअर बाईंनी विचारलं, त्या शिवणयंत्राचं पुढे काय झालं? ते आता शिंपीणबाईंकडे आहे. दोघी जावांनी काल मिळून उचलून नेऊन दिलं. वाटेत तीनदा खाली ठेवलं आणि तीनदा भांडल्या, कोणत्या बाजूला जड आहे यावर.

तुझी, बाकावर बसलेली,
मावशी


१६ एप्रिल

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार, अगदी जमिनीला कपाळ लावून.

तुझं पत्र मी स्टुडिओत नेलं आणि जेवणाच्या सुट्टीत मैत्रिणीला व्हिडिओ दाखवला. तिने दुसरीला बोलावलं. वीस मिनिटांत माझ्या टेबलाभोवती इतकी गर्दी झाली की कुठे आग लागली की काय म्हणून दिग्दर्शक स्वतः बघायला आले. मी फोन उलटा ठेवला. ते म्हणाले, “सरळ ठेव.” सगळं बघितलं. हसले नाहीत ग! माझा जीव गेला. मग हेडबाईंच्या त्या लांबलेल्या हाताच्या चित्रावर थांबवून म्हणाले, “ही बाई खरीच अशी आहे का?”

मी म्हटलं, “मी तिला पाहिलेलं नाही.”

म्हणाले, “खोटं. ही श्वास घेतेय.” जाता जाता पुढे म्हणाले, “आकडे दुसरं कुणीतरी घालेल. सोमवारपासून नव्या जाहिरातीच्या चौकटी तू काढ.”

मी सोमवारला नाही म्हटलं! ‘दोन आठवड्यांची सुट्टी हवी, मग काढते’ म्हटलं. कुठून आलं धाडस कुणास ठाऊक. ते ‘बरं’ म्हणाले, तेव्हा मीच जास्त दचकले. मला ती माणसं प्रत्यक्ष बघायची आहेत मावशी, सगळ्या नऊजणी. पुढच्या शनिवारी संध्याकाळी पोचते. रविवारी सकाळी सातला तुझ्याबरोबर पाण्यात.

एक अडचण आहे. सत्तेचाळीस चित्रांत पाणी काढलं, तरी मला पोहता येत नाही. गुडघ्यांच्या वर पाणी आलं की मी काठ शोधते. कुणाला सांगू नकोस.

ठिपका


२० एप्रिल

चि. ठिपके,

सगळ्यांना सांगितलं. तुला तरंगायला शिकवताना पाठीखाली हात कुणी धरायचा यावरून आज कपडे बदलायच्या खोलीत जुंपली आहे. एका बाजूला हेडबाई, डॉक्टरीणबाई, शिंपीणबाई आणि आणखी तिघी. दुसऱ्या बाजूला दोघी जावा, खांद्याला खांदा लावून, आणि त्यांच्यापुढे कुणाचं काही चालेल असं दिसत नाही.

मी कुणाच्याच बाजूने नाही. मी फक्त खूण बघून ठेवली आहे, सव्वा मीटर, तिथे तुझे पाय टेकतील.

मावशी